जुन्या ‘स्टार ट्रेक’मधलं अवकाश बदलावं का?

सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या वाहिन्यांवर ‘स्टार ट्रेक’ या अवकाशमालिकेचा चाळीस वर्षं जुना एक भाग पुन्हा लागला. नट तेच, संवाद तेच, प्रसंगांचा क्रमही तोच. बदललं होतं ते यानाबाहेरचं अवकाश. लाकूड, प्लास्टिक आणि पत्र्याच्या मॉडेलवर कॅमेरा रोखून टिपलेलं एंटरप्राइझ यान काढून त्या जागी संगणकावर घडवलेलं यान बसवलं होतं. ग्रहांवर ढग आले, यान कलून वळू लागलं, शस्त्रांचे किरण धारदार झाले. पुढच्या काही वर्षांत मालिकेच्या सगळ्या ७९ भागांवर हेच काम झालं. आज स्ट्रीमिंगवर ही मालिका लावली, की बहुतेक ठिकाणी हीच आवृत्ती समोर येते.

हे योग्य झालं का, यावर चाहते तेव्हापासून भांडत आहेत. माझं मत पक्कं आहे आणि ते पुढे येईलच. पण या भांडणातली बरीच गफलत तंत्र नीट माहीत नसल्यामुळे होते. मालिका फिल्मवर आहे, व्हिडिओ टेपवर आहे की संगणकाच्या फायलींत होती, यावर तिचं आज काय करता येईल हे ठरतं. त्यामुळे आधी तेच पाहू.

रिमास्टर करायचं म्हणजे मुळात एवढंच, की मूळ निगेटिव्ह शोधायची, स्वच्छ करून मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन करायची, धूळ आणि ओरखडे काढायचे, उडालेले रंग पूर्ववत करायचे. याला कुणाचाच विरोध नसतो. याहून अवघड काम असतं ते अनेक तुकडे जोडून केलेल्या दृश्यांचं. तिथे मूळ तुकडे शोधून आजच्या साधनांनी पुन्हा जोडता येतात. तुकडे जुनेच, जोडणी तेवढी नवी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे जुना तुकडाच काढून टाकायचा आणि नवं चित्र बनवून तिथे बसवायचं. विकताना या तिन्ही कामांना ‘रिमास्टर्ड’ असंच म्हटलं जातं, आणि घेणाऱ्याला आपल्या हातात यातलं नेमकं काय आलं हे कळत नाही.

झेरॉक्सची झेरॉक्स

१९६६ ते १९६९ या काळातली मूळ ‘स्टार ट्रेक’ ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती. या फिल्मच्या निगेटिव्हमध्ये त्या काळच्या टीव्ही संचाला दाखवता येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. त्यामुळे स्कॅन झाल्यावर नटांचे चेहरे, गणवेशाचं कापड, सेटच्या भिंतींवरचे जांभळे-हिरवे प्रकाश असे उमटले, की चित्रण कालपरवाचं वाटावं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर, तेही घरच्या कृष्णधवल संचावर, ही मालिका पाहिलेल्या आपल्याकडच्या लोकांना तर ती निराळीच वाटेल.

अडचण आली ती इफेक्ट्सच्या दृश्यांची. मालिकेचे कलादिग्दर्शक मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून बनवलेलं एंटरप्राइझचं मोठं मॉडेल ११ फुटांहून थोडं लांब होतं. निळ्या पडद्यासमोर त्याचं चित्रण व्हायचं. मग ऑप्टिकल प्रिंटरवर काम सुरू. या यंत्रात प्रोजेक्टर आणि कॅमेरा समोरासमोर बसवलेले असतात. प्रोजेक्टरमध्ये यानाची फिल्म, ताऱ्यांची फिल्म, ग्रहाची फिल्म अशी एकामागून एक चालवायची आणि समोरच्या कॅमेऱ्यातल्या एकाच कोऱ्या फिल्मवर ती सगळी चित्रं टिपायची. यानाच्या अंगातून तारे दिसू नयेत म्हणून यानाच्याच आकाराची काळी छाया वेगळी तयार करायची. तिला मॅट म्हणतात. या प्रत्येक पायरीला चित्राची नक्कल होत जाते, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर अक्षरं जशी फुटतात तसं चित्र फुटतं. फिल्मचे दाणे वाढतात, रंग मळतो, यानाभोवती निळसर कड राहते. १९६६च्या टीव्हीवर यातलं फारसं काही जाणवत नव्हतं. हाय डेफिनिशनमध्ये सगळंच दिसू लागलं. यानाच्या आतलं दृश्य लख्ख, आणि पुढच्याच क्षणी बाहेरचं दृश्य धुरकट, दाणेदार.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मॉडेलमधल्या दिव्यांच्या तारा डाव्या बाजूनं बाहेर काढलेल्या होत्या. ती बाजू कॅमेऱ्यापुढे आणण्याजोगी नव्हतीच. म्हणून एंटरप्राइझ बहुतेक वेळा आपली उजवी बाजू दाखवत, पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना दिसतं. पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे असल्यानं तीच मोजकी दृश्यं पुन्हा पुन्हा वापरली गेली. पण त्या बंधनांतूनच यानाला एक चाल मिळाली. संथ, भारदस्त, मोठ्या जहाजासारखी. ते कधी गिरक्या घेत नाही. पुढे आलेल्या कितीतरी अवकाशमालिकांनी यानाचं मोठेपण दाखवायला हीच चाल उचलली.

आणि हे काम नवशिक्यांनी केलेलं नव्हतं. यान टिपणाऱ्यांमध्ये लिनवुड डन होते. १९३३चा ‘किंग काँग’ आणि १९४१चा ‘सिटिझन केन’ या चित्रपटांवर त्यांचा हात फिरलेला होता, आणि ऑप्टिकल प्रिंटर हे यंत्रच आजच्या रूपाला आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. परग्रहांवरच्या वसाहती आणि नगरं अल्बर्ट व्हिटलॉक रंगवत. पुढे याच कलेसाठी त्यांना दोनदा ऑस्कर मिळालं. त्यामुळे ‘तेव्हाच्या लोकांना जमलं नव्हतं, ते आता आपण करून दिलं’ असं कुणी म्हटलं, की मला ते अन्यायाचं वाटतं. आपल्या हातातल्या साधनांनी जे करणं शक्य होतं, त्याच्या अगदी टोकाला ही माणसं पोचली होती.

२००६ मध्ये नेमकं काय केलं

सीबीएस या अमेरिकी टीव्ही कंपनीच्या डिजिटल विभागानं हे काम हाती घेतलं. मायकेल ओकुडा, डनीस ओकुडा आणि डेव्ह रॉसी त्यावर देखरेख करत होते. तिघांनाही या मालिकेबद्दल मनापासून आस्था होती, आणि त्यांनी स्वतःवर बरीच बंधनं घालून घेतली. नवं दृश्य जुन्याइतकंच लांब ठेवायचं, कारण संकलन आणि पार्श्वसंगीत त्या लांबीला बांधलेलं आहे. यानाचा घाट बदलायचा नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेल्या मूळ मॉडेललाच प्रमाण मानायचं. ही बंधनं पाळली गेली म्हणून ती आवृत्ती आजही पाहवते, हे मान्य करायलाच हवं.

पण एकदा बदलायचं ठरलं, की हात थांबत नाही. व्हिटलॉक यांची काही चित्रं बाजूला सारून तिथे संगणकीय नगरं आली. ‘अरेना’ या भागात गॉर्न नावाचा सरड्याच्या तोंडाचा प्राणी आहे. जड पोशाख घालून नटानं साकारलेला. मूळ मुखवट्याचे डोळे स्थिर आहेत. २००६ मध्ये त्याला डोळ्यांची उघडझाप मिळाली. बदल इवलासा आहे, तरी मला तो यानापेक्षा जास्त टोचतो. यान बदललं तेव्हा फक्त बाहेरचं दृश्य बदललं होतं. इथे मात्र चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर जे घडलं, तेच बदललं आहे.

बदलाच्या बाजूनं सगळ्यात भक्कम पुरावा द्यायचा तर मी १९६७च्या ‘द डूम्सडे मशीन’ या भागाचं नाव घेईन. ग्रह गिळत फिरणारं एक प्रचंड यंत्र, त्यानं मोडून टाकलेलं कॉन्स्टेलेशन नावाचं यान, आणि त्या यानावर एकटा उरलेला कमोडोर डेकर. मूळ भागातलं मोडलेलं यान म्हणजे दुकानात मिळणारं प्लास्टिकचं जोडायचं मॉडेल. तेच तोडून-भाजून वापरलं होतं, आणि ते ओळखू येतं. नव्या आवृत्तीत हे यान ढिगाऱ्यातून कोलमडत तरंगतं, त्याचे फाटलेले मजले दिसतात, त्या यंत्राचा अजस्र आकार पहिल्यांदा अंगावर येतो. पाहताना खरोखर छान वाटतं. या भागाच्या लेखकाच्या मनात जे असेल, त्याच्या हे जवळ जातं.

तरीही मूळ भाग शेजारी ठेवून पाहिला, की एक फरक जाणवतो. डेकरची भूमिका विल्यम विंडम यांनी केली आहे. आपल्या माणसांना सुरक्षित ठेवण्यासाठी ज्या ग्रहावर उतरवलं तोच ग्रह नष्ट झाला, हे सांगताना त्यांचा चेहरा विस्कटत जातो. बाहेरचं दृश्य साधं होतं म्हणून ती सगळी भीती या चेहऱ्याला आणि सोल कॅप्लन यांच्या संगीताला पेलावी लागली, आणि त्यांनी ती पेलली. नव्या आवृत्तीत बाहेरच इतकं काही दिसतं, की चेहऱ्यावरचा भार हलका होतो. दिग्दर्शकानं किती वेळ चेहऱ्यावर थांबायचं आणि किती वेळ यानावर, हे हातातली दृश्यं पाहून ठरवलं होतं. चाळीस वर्षांनी दृश्यं बदलली, पण तो निर्णय बदलता आला नाही. जुन्या मोजमापाच्या साच्यात नवा ऐवज बसवल्यासारखं ते कुठे कुठे वाटतं.

शिवाय संगणकाचं चित्रही म्हातारं होतं, तेही फिल्मपेक्षा लवकर. आज २००६चं यान पाहिलं, की ते २००६चंच दिसतं. गुळगुळीत, वजन नसलेलं. मूळ निगेटिव्ह उद्या आणखी मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन करता येईल आणि ती आणखी काही देईल. २००६ची चित्रं त्या वेळच्या हाय डेफिनिशनच्या मापात बनवलेली आहेत, त्यांच्यात त्यापुढचं काही साठलेलंच नाही. म्हणजे ज्या भागाला जुना म्हणून बदललं, तोच जास्त काळ टिकणारा निघाला.

जुनेच तुकडे, नवी जोडणी

१९८७ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. या मालिकेचं चित्रण फिल्मवर झालं, पण खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी संकलन आणि इफेक्ट्सची जोडणी व्हिडिओ टेपवर झाली. अमेरिकेचा टीव्ही तेव्हा ५२५ रेषांचा, त्यातल्याही साधारण ४८० रेषांतच चित्र. म्हणजे पूर्ण झालेली ‘नेक्स्ट जनरेशन’ फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हती. होती ती टेप, आणि टेपमध्ये नसलेला तपशील कुठलंही स्कॅनर काढून देऊ शकत नाही.

सीबीएसनं तेव्हा जे केलं त्याला तोड नाही. गोदामांत खोक्यांमध्ये पडून असलेली कॅमेरा निगेटिव्हची २५ हजारांच्या आसपास रिळं बाहेर काढली. कोणत्या प्रसंगाचा कोणता टेक वापरला होता ते टेपवरून ताडून पाहिलं, आणि १७८ भाग कट न् कट पुन्हा संकलित केले. इफेक्ट्सच्या बाबतीत नशिबानं साथ दिली. ही मालिका मोशन कंट्रोल कॅमेऱ्यानं चित्रित झाली होती. हा कॅमेरा संगणकाच्या हुकमावर एकाच मार्गानं पुन्हा पुन्हा, केसाचाही फरक न होता फिरतो. एका फेरीत यानाचं अंग टिपायचं, दुसऱ्या फेरीत अंधार करून फक्त खिडक्यांचे दिवे, आणखी एका फेरीत मॅट. या सगळ्या फेऱ्या ३५ मिमी फिल्मवर शाबूत होत्या. त्या स्कॅन करून संगणकात एकमेकांवर बसवल्या, आणि नक्कल करताना होणारी झीज झालीच नाही. पडद्यावर दिसतं ते १९८७चंच मॉडेल, खऱ्या दिव्याखाली उभं केलेलं, फक्त तेव्हा कुणालाही दिसलं नव्हतं इतकं स्पष्ट.

जे टेपवरच जन्मलं होतं ते मात्र नव्यानं करावं लागलं. शस्त्रांचे किरण, काही ग्रह, स्फटिकासारखा दिसणारा तो विशाल अवकाशजीव. काही तुकड्यांची फिल्म शेवटपर्यंत सापडली नाही, तिथे टेपवरचं चित्रच मोठं करून बसवलं. जाणकार डोळ्याला ते लगेच कळतं, आणि कळलं तरी चालतं. पडद्याच्या कडेला उरलेल्या फिल्मचा वापर करून चित्र रुंद करण्याचा मोहही टाळला गेला. तिथे दिवे, स्टँड आणि तंत्रज्ञ दिसत होते, आणि चौकट ठरवणाऱ्यानं ती जुन्या टीव्हीच्या चार-तीनच्या आकारासाठी ठरवली होती.

२०१२ ते २०१४ या काळात सातही सीझन ब्लू-रेवर आले. खर्च प्रचंड झाला, विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, आणि त्याची किंमत पुढच्या दोन मालिकांनी मोजली. ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ अजून टेपच्या दर्जातच आहेत. ‘डीप स्पेस नाइन’वरच्या माहितीपटासाठी चाहत्यांनी पैसे उभे केले, तेव्हा त्यात मोजकी दृश्यं फिल्मवरून नव्यानं तयार करून दाखवली गेली. ती पाहिली, की उरलेल्या मालिकेबद्दल हळहळ वाटते.

फायलीच हरवल्या तर

‘बॅबिलॉन ५’ ही १९९०च्या दशकातली मालिका. टीव्हीवर यानांची मॉडेल्स न वापरता सगळं अवकाश संगणकावर उभं करणाऱ्या पहिल्या मालिकांपैकी ही एक. सुरुवातीला अमिगा संगणक वापरून हे काम झालं. नटांची दृश्यं फिल्मवर, तीही भविष्यातल्या रुंद पडद्याचा विचार करून चित्रित केली होती. संगणकीय दृश्यं मात्र टीव्हीच्या त्या वेळच्या आकारात आणि दर्जात. तेव्हा गृहीत धरलं होतं, की फायली आहेत, लागतील तेव्हा त्यांतून संगणकाकडून चित्रं पुन्हा मोठ्या आकारात काढून घेऊ.

त्या फायली पुढे जपल्या गेल्या नाहीत. डीव्हीडी काढताना चित्र रुंद करण्यासाठी संगणकीय दृश्यं वरून-खालून कापून मोठी केली, आणि ती भयंकर दिसली. एखादा नट आणि यान एकाच चौकटीत असेल तर नटही धुरकट. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्तीनं शहाणपणा केला. फिल्म नव्यानं स्कॅन केली, इफेक्ट्सची दृश्यं आहेत तशीच सुबकपणे मोठी केली, आणि सगळं मूळ चार-तीनच्या चौकटीत परत आणलं. इफेक्ट्स अजूनही मऊ दिसतात, पण मालिका पुन्हा एकसंध झाली.

फिल्म दमट गोदामात पडली तरी बऱ्याचदा काहीतरी हाती लागतं. संगणकाची फाइल वाचणारं सॉफ्टवेअर किंवा ती ठेवणारी कंपनी गेली, की उरतं शून्य. आज ओटीटीसाठी जे बनतंय ते तर पूर्णपणे फायलींतच आहे, आणि मला त्याची काळजी वाटते.

निवड कुणाच्या हाती

बदलाच्या बाजूनं नेहमी एक मुद्दा येतो. पैसे असते तर निर्मात्यांनी हेच केलं असतं. असेलही. पण मूळ मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी १९९१ मध्येच गेले, त्यांना विचारायची सोय नव्हती. आणि निर्माता हयात असला तरी प्रश्न संपत नाही. जुन्या चित्रपटांत फेरफार करू नयेत असं जॉर्ज लुकास यांनी १९८८ साली अमेरिकी काँग्रेससमोर ठामपणे सांगितलं. १९९७ मध्ये त्यांनीच ‘स्टार वॉर्स’ची सुधारलेली आवृत्ती आणली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं मूळ आवृत्ती चांगल्या प्रतीत विकत मिळेना. आपल्याकडे ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन आला, तेव्हाही दिग्दर्शकाच्या इच्छेचाच दाखला दिला गेला होता. इच्छा खरी असू शकते. पण लोकांनी पाहिलेली, ज्यावर पुढच्या पिढीतले दिग्दर्शक घडले, ती कलाकृती इच्छेतली नव्हती, पडद्यावरची होती.

म्हणून माझं म्हणणं असं. मूळ तुकडे असतील तर ते पुन्हा जोडावेत, त्यासाठी लागेल तो खर्च करावा. नवी चित्रं बनवायची असतील तर तीही बनवावीत, त्यात मला अधर्म दिसत नाही. पण मूळ दृश्यं त्याच दर्जानं स्कॅन करून, त्याच ठिकाणी, तितक्याच सहज मिळाली पाहिजेत. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेनं हे नीट केलं. १९६४च्या ‘द डॅलेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ या कथेच्या डीव्हीडीवर संगणकावर नव्यानं घडवलेल्या उडत्या तबकड्या आहेत, पण हव्या असतील तरच. उलट ‘रेड ड्वार्फ’ या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या पहिल्या तीन सीझनची १९९८ मध्ये मॉडेल्सऐवजी संगणकीय यानं घालून नवी आवृत्ती काढली, आणि ती चाहत्यांना मुळीच रुचली नाही. २०१२ मध्ये ती मालिका नव्या भागांसह परतली तेव्हा निर्माते पुन्हा मॉडेल्सकडे वळले.

मूळ ‘स्टार ट्रेक’च्या ब्लू-रेवरही ही निवड आहे. भाग चालू असताना रिमोटवरून जुनं-नवं बदलता येतं. स्ट्रीमिंगवर मात्र ही सोय सहसा नसते, आणि आज बहुतेक लोक मालिका तिथेच पाहतात. त्यामुळे ‘स्टार ट्रेक’ पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला आपण १९६६चं काम पाहतोय की २००६चं, हे कुणीच सांगत नाही. दोन्ही आवृत्त्या तयार आहेत, स्कॅन झालेल्या आहेत, वर्षानुवर्षं विकल्या गेल्या आहेत. मेनूत एक पर्याय वाढवायचा बाकी आहे.

तोवर ओळखायची खूण सांगतो. यान ग्रहाला प्रदक्षिणा घालत असेल तेव्हा ग्रहाकडे पाहा. ढगांचे थर आणि समुद्राची चकाकी दिसली तर ते २००६चं काम. एकाच रंगाचा, थोडा धूसर गोळा दिसला, यानाच्या कडेला निळी झाक असली आणि तारे जरा दाणेदार असले, तर ते डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं.